रोजनिशी कोणासाठी?

दसरा उलटला की आमच्या घरी माळा रिकामा करण्याचा कार्यक्रम निघतो. पत्र्याच्या ट्रंका खाली येतात. त्यांतून जुनी पंचांगे, लग्नपत्रिका, विजेची बिले, मुलांच्या सहामाहीच्या उत्तरपत्रिका आणि कुणाच्या तरी हातच्या वह्या बाहेर पडतात. आणि दिवेलागणीच्या आत त्यांतला तीन चतुर्थांश ऐवज रद्दीवाल्याच्या काट्यावर चढलेला असतो. रद्दीवाल्याचा हिशेब सरळ आहे. वर्तमानपत्राला एक भाव, पुस्तकाला दुसरा, आणि हाताने लिहिलेल्या वहीला सर्वांत कमी. कारण दोन्ही अंगांनी लिहिलेल्या कागदाचे कोणी पुडकेही बांधीत नाही.

यंदा हे सत्र चालू असताना मी ओसरीवर बसून नेला लास्ट नावाच्या एका इंग्रज बाईची रोजनिशी वाचत होतो. माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त तिकडे असतो. सुट्टीवर येताना "मास्तर, काय आणू?" म्हणून त्याने विचारले, आणि मी चॉकलेटांऐवजी पुस्तके सांगितली. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. इंग्रजी पुस्तक म्हटले की कोश मांडीवर घ्यावा लागतो. पण या बाईने मला कोश फारसा उघडू दिला नाही. शिधा, शिवणकाम, बाँब आणि नवऱ्याचा अबोला हे तिचे विषय, आणि त्यांना लागणारे शब्द बेताचेच असतात.

बॅरो-इन-फर्नेस हे इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरचे, जहाजे बांधणारे गाव. नेलाचा जन्म १८८९ सालचा. नवरा सुतारकाम आणि दुकानांची लाकडी मांडणी करून देणारा. दोन मुलगे, आर्थर आणि क्लिफ. ऑगस्ट १९३९ च्या अखेरीस, युद्ध अगदी उंबरठ्याशी आले असता, तिने लिहायला घेतले. स्वतःची ओळख काय दिली? 'गृहिणी, वय ४९.' एवढीच. त्यानंतर ती फेब्रुवारी १९६६ पर्यंत लिहीत राहिली आणि १९६८ साली वारली. या मजकुराचा अंदाज एक कोटी वीस लाख शब्दांपर्यंत सांगतात. मी आजवर चार कादंबऱ्या लिहिल्या. चारही एकापुढे एक ठेवल्या तरी या बाईच्या एका वर्षाच्या लिखाणाची बरोबरी जेमतेम होईल. आणि गावात कादंबरीकार म्हणून मिरवतो मी!

हा खटाटोप तिने कुणाच्या सांगण्यावरून केला, ते कळायला थोडे मागे जायला हवे. डिसेंबर १९३६ मध्ये आठव्या एडवर्ड राजाने आपल्या मनाच्या बाईशी लग्न करता यावे म्हणून गादी सोडली. त्या धामधुमीत वर्तमानपत्रे रोज छापीत होती, जनतेला अमुक वाटते, जनता तमुक म्हणते. जनतेला मात्र कोणी विचारायला गेले नव्हते. हे ज्यांना खटकले त्यांत तीन तरुण होते. चार्ल्स मॅज हा कवी आणि वार्ताहर, हम्फ्री जेनिंग्ज हा माहितीपट काढणारा, आणि टॉम हॅरिसन हा पक्ष्यांच्या मागे रानोमाळ हिंडलेला व पुढे पॅसिफिकमधल्या न्यू हेब्रिडीज बेटांवर तिथल्या लोकांत राहून आलेला अवलिया. तिघांनी जानेवारी १९३७ मध्ये 'न्यू स्टेट्समन' साप्ताहिकात पत्र लिहून एक संस्था जाहीर केली. तिचे नाव 'मास ऑब्झर्व्हेशन'. आपण तिला लोकनिरीक्षण म्हणू. काय काय पाहायचे याची त्यांनी दिलेली यादी वाचली तर हसावे की गंभीर व्हावे कळत नाही. युद्धस्मारकापाशी माणसे कशी वागतात, मोटार हाकणारे एकमेकांवर कसे ओरडतात, लोक दाढ्या का राखतात, अंत्यविधीत काय चालते, सुइणींचे खाजगी आयुष्य कसे असते, हे सगळे तीत होते.

मराठी वाचकाला यात एक निराळीच गंमत दिसावी. साहेबाने आमच्या इलाख्याची गॅझेटियरे लिहिली. एन्थोव्हेनसाहेबाने १९२० ते १९२२ मध्ये मुंबई इलाख्यातील जातिजमातींवर तीन जाडजूड खंड काढले. त्यांत आमची लग्ने, सोयर-सुतके आणि कुळाचार अकारविल्हे लावलेले आहेत. आम्ही काय खातो आणि कोणाला शिवत नाही, हे आमच्या आधी त्याला ठाऊक होते. तोच चष्मा हॅरिसनने उलटा फिरवून आपल्याच भावंडांवर धरला. बेटावरून परतला तो थेट लँकेशायरमधल्या बोल्टन या गिरणगावात जाऊन राहिला. ज्या मुलखाच्या कापडाच्या आपल्याकडे होळ्या पेटल्या, त्या मुलखातले हे गाव. बोल्टनला त्याने 'वर्कटाउन' असे टोपणनाव दिले आणि मदतनिसांना दारूचे गुत्ते, प्रार्थनामंदिरे, नाचघरे, फुटबॉलची मैदाने असे सगळीकडे सोडले. एक पेला बिअर रिचवायला माणसाला किती मिनिटे लागतात, हे घड्याळ लावून टिपले गेले. त्यातून १९४३ साली गुत्त्यांवर एक सबंध पुस्तक निघाले. हम्फ्री स्पेंडर हा छायाचित्रकार तर कॅमेरा कोटाखाली दडवून फोटो घेई.

इथे मला माझे मत सांगितलेच पाहिजे. हे चोरून पाहणे मला रुचत नाही. ज्याचे आयुष्य टिपायचे त्याला विचारलेही नाही, तर गॅझेटियर लिहिणाऱ्या साहेबात आणि तुझ्यात फरक तो काय राहिला? (हे लिहितानाच मला एस.टी. स्टँडवरचे बाक आठवते. त्यावर बसून मी कितीएक बायकांची बोलणी ऐकली आहेत आणि कादंबरीत घातली आहेत. तेव्हा हा ठपका मी सौम्य शब्दांतच ठेवतो.) स्पेंडरचे फोटो आज पाहणाऱ्याला फार मोलाचे वाटतात; पण त्यांतली माणसे कुठे पाहत आहेत ते लक्षात घ्या. ती आपल्याकडे पाहत नाहीत, कारण आपण तिथे आहोत हेच त्यांना ठाऊक नाही.

संस्थेची दुसरी वाट होती ती मला पसंत आहे. तिने सामान्य माणसांना आवाहन केले की तुम्हीच लिहा आणि आम्हांला धाडा. प्रथम महिन्याच्या बारा तारखेचे वृत्त मागवले. १२ मे १९३७ ला सहाव्या जॉर्जचा राज्याभिषेक झाला. त्या दिवशी रस्त्यावर, घरात आणि रेडिओपाशी लोक काय करीत होते याचे पुस्तक त्याच वर्षी निघाले. नंतर दरमहा प्रश्न धाडले जाऊ लागले, आणि युद्ध समोर दिसताच 'रोजची रोजनिशी लिहा' असे सांगण्यात आले. युद्धाच्या काळात केव्हा ना केव्हा अशी रोजनिशी धाडणारे सुमारे ४८० लोक होते. नेला लास्ट ही त्यांतलीच एक.

१९४० मध्ये सरकारच्या माहिती खात्याने लोकांचे मनोधैर्य जोखण्याच्या कामी संस्थेला धरले. जनतेचे म्हणणे जनतेला कळावे म्हणून मांडलेला डाव आता जनतेचे म्हणणे सरकारला कळवू लागला. मॅज त्याच वर्षी बाहेर पडला. तथापि न्यायाने बोलायचे तर या निरीक्षकांनी सरकारला गोड तेच सांगितले असे नाही. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री कॉव्हेंट्री शहर जर्मन विमानांनी भाजून काढले. तिथे पोचलेल्या निरीक्षकांनी लोकांची भेदरलेली, सैरभैर दशा जशीच्या तशी कळवली. नागरिक ताठ मानेने ढिगाऱ्यातून बाहेर येत आहेत, या वर्तमानपत्री चित्राशी ते जुळणारे नव्हते.

युद्धानंतर संस्था बाजारातल्या मालाची पाहणी करू लागली आणि १९४९ साली तिची रीतसर कंपनी झाली. साबण कोणता आवडतो, हे विचारणाऱ्या मंडळींना बॅरोच्या गृहिणीची वही वाचायला सवड असेल असे वाटत नाही. पण वह्या येतच राहिल्या. बहुतेक जणांनी लिहिणे केव्हाच सोडले होते; नेलाबाई लिहीत होती, आणि लिहिलेले टपालात टाकीत होती. सतरा वर्षे!

वाचकहो, इथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. ही बाई कोणासाठी लिहीत होती?

आम्हां मास्तरांना हा प्रश्न नवा नाही. आम्हांला टाचणवही ठेवावी लागते. कोणत्या तासाला काय शिकवले, कोणते साधन वापरले आणि मुलांनी कसा प्रतिसाद दिला, हे सारे तीत लिहायचे. तपासणीला येणाऱ्या साहेबांसाठी ती असते. आणि महाराष्ट्रातल्या शाळांच्या टाचणवह्या एकत्र करून उद्या कोणी इतिहास लिहिला, तर या भूमीवर मुले एकाग्रचित्ताने फळ्याकडे पाहत होती आणि प्रत्येक पाठाला तक्ता टांगलेला होता, असाच निष्कर्ष निघेल. त्यात खोटे असे काही लिहिलेले नसते. वाचणारा कोण, ते लिहिणाऱ्याला ठाऊक असते, इतकेच.

नेला लास्टचा वाचक तिच्या ओळखीचा नव्हता. तो नवरा नव्हता, शेजारीण नव्हती, गिरिजाघराचा पाद्री नव्हता. आपल्या मनाशी बोलतो त्याहून थोडे नीटनेटके आणि नात्यातल्याशी बोलतो त्याहून पुष्कळ मोकळे, असे तिचे बोलणे आहे. विशीत लग्न झालेली, नवऱ्याच्या धुसफुशीला भिऊन वर्षानुवर्षे गप्प राहिलेली, नसांच्या दुखण्याने खचलेली ही बाई युद्ध लागल्यावर स्त्रियांच्या स्वयंसेवी दलाच्या केंद्रात जाऊ लागते. फिरत्या उपाहारगाडीवर चहा देते, चिंध्यांच्या बाहुल्या शिवून इस्पितळातल्या मुलांना धाडते, युद्धकैद्यांच्या पुडक्यांसाठी पैसा उभा करायला रेडक्रॉसचे दुकान चालवते. मे १९४१ मध्ये बाँबच्या हादऱ्याने तिच्या घराच्या खिडक्या फुटतात, छते कोसळतात. ती धूळ झाडते आणि पुन्हा केंद्रात जाते. आणि हळूहळू, पानामागून पान, तिला कळत जाते की आपण इतकी वर्षे दबून होतो ते उगीचच. हे ती नवऱ्याला सांगत नाही. न पाहिलेल्या कचेरीला लिहून कळवते. तिच्या युद्धवर्णनापेक्षा मला हे अधिक थरारक वाटले.

आता या रोजनिशीच्या संपादनाविषयी. युद्धाच्या वर्षांतलाच मजकूर सुमारे वीस लाख शब्दांचा. त्यातून रिचर्ड ब्रॉड आणि सूझी फ्लेमिंग यांनी १९८१ साली 'नेला लास्ट्स वॉर' हे एक बेताचे पुस्तक काढले. निवड चोख आहे, वाचकाला कुठे कंटाळा येत नाही. २००६ साली त्यावरून व्हिक्टोरिया वुडने 'हाउसवाइफ, ४९' हा दूरदर्शनपट केला तोही नावाजला गेला. पण पुस्तक युद्धाबरोबर संपते, आणि वाचणाऱ्याची समजूत अशी होते की दबलेली बाई उभी राहिली आणि सुखी झाली. कादंबरीला असा शेवट शोभतो. रोजनिशी मात्र १९४५ ला थांबली नव्हती. पॅट्रिशिया आणि रॉबर्ट माल्कमसन या दांपत्याने २००८ साली युद्धानंतरच्या वर्षांचा भाग आणि २०१० साली १९५० नंतरच्या दशकाचा भाग प्रसिद्ध केला, तेव्हा पुढची हकीगत उजेडात आली. केंद्राची वर्दळ ओसरली, क्लिफ ऑस्ट्रेलियाला जाऊन मूर्तिकार झाला. नवऱ्याची प्रकृती आणि मन दोन्ही ढासळली, तो घरी बसला, आणि त्याला एकटे राहवेना म्हणून तिचे बाहेर पडणे आखडत गेले. कधीमधी मोटारीने कॉनिस्टन तळ्यापर्यंतचा फेरफटका, की पुन्हा घर. हे खंड पहिल्याइतके चटकदार नाहीत. मला मात्र ते पहिल्याहून मोठे वाटतात, कारण युद्धात मिळालेली मोकळीक शांततेत कशी हातची जाते ते पाहायला धीर लागतो, आणि तो धीर पहिल्या संपादकांनी वाचकाकडे मागितलाच नाही.

आपल्याला हे नवे नाही. वरसईच्या गोडसे भटजींनी सत्तावन्नच्या धामधुमीतला आपला प्रवास लिहिला. तो चिंतामणराव वैद्यांनी हात फिरवून १९०७ साली छापला. भटजींनी लिहिला तसा वाचायला मिळाला तो १९६६ साली, दत्तो वामन पोतदारांच्या खटपटीने. मधली साठ वर्षे आपण सोवळे नेसवलेले भटजी वाचत होतो.

संपादनाची आणखी एक तऱ्हा आहे ती सायमन गारफील्डची. २००४ पासून ओळीने त्याने तीन पुस्तके केली. त्यांत अनेकांच्या रोजनिश्यांतल्या नोंदी तारखेवार एकमेकींत गुंफल्या आहेत, नावे बदलून. पाच माणसे आलटून पालटून बोलतात, कोणी मांजराविषयी, कोणी शिध्याच्या कुपनांविषयी, आणि वाचताना चाळीत बसल्याचा आनंद होतो. पण चाळीतल्यासारखेच होते. सर्वांचे थोडे थोडे ऐकू येते, एकाचेही पुरते नाही.

याच गारफील्डच्या हातून पुढे जे घडले ते मात्र मला फार मोलाचे वाटते. त्याच्या पुस्तकात मॅगी जॉय ब्लंट या बनावट नावाने एक बाई होती. तिचे खरे नाव जीन लूसी प्रॅट. ही बाई लोकनिरीक्षणाला रोजनिशी धाडीत असतानाच घरी स्वतःची निराळी रोजनिशी ठेवीत होती. १९२५ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, सुरू केलेली आणि १९८६ साली मरेपर्यंत चालवलेली. ती २०१५ साली 'अ नोटेबल वुमन' या नावाने प्रसिद्ध झाली. म्हणजे एकाच बाईचे, एकाच काळाचे, दोन दस्तऐवज आपल्यापुढे आहेत. एकात युद्ध, दर, बातम्या आणि शेजारीपाजारी आहेत. दुसऱ्यात प्रेमाची ओढ, हुकलेली लग्ने, एकटेपण. दोन्ही खरे. पण इतिहास लिहिणाऱ्याच्या हाती पहिलेच राहिले असते तर ही बाई समंजस, थट्टेखोर, स्वतःत रमलेली म्हणून नोंदली गेली असती. आपल्या हाती जी कागदपत्रे येतात त्यांची दुसरी वही कुठे असेल, हा विचार तेव्हापासून माझा पिच्छा सोडीत नाही.

संशोधकांना मी दोष देऊ शकत नाही. या संग्रहाचे मोल त्यांनीच ओळखले. अँगस काल्डरने १९६९ साली युद्धकाळातल्या जनतेचा मोठा इतिहास लिहिला तो हे गठ्ठे उपसून. १९७० साली कागद ससेक्स विद्यापीठाने घेतले, १९७५ मध्ये ते सर्वांना खुले झाले, आणि २०१३ पासून ते ब्रायटनजवळ 'द कीप' नावाच्या दप्तरखान्यात आहेत. हॅरिसनने तर अखेरच्या वर्षांत एक अफलातून परीक्षा घेतली. युद्धात ज्यांनी रोजनिशी लिहिली होती त्यांपैकी काहींना त्याने तीसबत्तीस वर्षांनी त्याच घटना आठवणीतून लिहायला लावल्या, आणि जुन्या कागदाशी ताडून पाहिल्या. मेळ बसेना. माणसे खोटे बोलत नव्हती. मधल्या वर्षांत सिनेमाने आणि भाषणांनी त्यांना जे सांगितले होते ते त्यांच्या आठवणीत मुरले होते. हे त्याने १९७६ च्या पुस्तकात मांडले, आणि त्याच वर्षी थायलंडमध्ये वाहनाच्या अपघातात तो गेला.

मात्र आजच्या बऱ्याच अभ्यासांत मला एक खोड दिसते. विषय ठरवायचा, प्रेम, शिधा, धर्म, भीती, काहीही. मग पाचपन्नास वह्यांतून त्या त्या विषयाची वाक्ये खुडायची आणि जुडी बांधायची. बोल्टनचेच उदाहरण घ्या. १९३८ साली तिथल्या वर्तमानपत्रातून 'सुख म्हणजे काय?' अशी स्पर्धा लावली होती. २२६ लोकांनी लिहिले. सुरक्षितता, ज्ञान आणि धर्म यांना लोकांनी वरचा मान दिला. २०१४ साली बोल्टन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी तोच प्रश्न पुन्हा घातला, तेव्हा हसतेखेळते मन आणि फुरसत पुढे आली, सुरक्षितता तिसरी राहिली, धर्म पार मागे पडला. माहिती मनोरंजक खरी, दिवाळीच्या फराळावर चर्चेला ठीक. पण मंदीने गिरणी बंद पडलेला माणूस 'सुरक्षितता' लिहितो आणि हप्त्यावर घर घेतलेला माणूस 'सुरक्षितता' लिहितो, तेव्हा दोघे एकच शब्द लिहितात एवढेच खरे. त्यांच्या पत्राचा बाकीचा भाग वाचल्यावाचून मला तरी बोध होत नाही.

म्हणूनच जेम्स हिंटन या इतिहासकाराकडे मी आदराने पाहतो. त्याने २०१० साली 'नाइन वॉरटाइम लाइव्ह्ज' लिहिले. शेकडो वह्या समोर असताना नऊच माणसे निवडली, आणि प्रत्येकाला सबंध प्रकरण दिले. नेला त्यांत आहे. माणूस पुढच्या पानावर स्वतःलाच खोडतो, काल ज्याला शिव्या दिल्या त्याची आज कणव करतो, हे सारे तो राहू देतो. त्याचा सिद्धांत सगळाच मला पटला असे नाही; 'आधुनिक स्व'ची जडणघडण वगैरे भाषा आली की माझा कोशही हात टेकतो. पण माणूस त्याने तोडला नाही. २०१६ साली त्याने पुढच्या काळातल्या सात जणांवर असेच पुस्तक केले.

पुढच्या काळातल्या म्हणायचे कारण, हे काम १९८१ साली पुन्हा सुरू झाले. सुरू करणारा डेव्हिड पोकॉक हा ससेक्सचा मानवशास्त्रज्ञ आपल्याला परका नव्हे. १९५० नंतरच्या दशकात तो गुजरातेत, चरोतरच्या पाटीदारांत राहून आला होता आणि १९७२ साली त्याने कणबी-पाटीदारांवर ग्रंथ लिहिला होता. हॅरिसन बेटावरून बोल्टनला गेला, पोकॉक चरोतरातून ब्रायटनला. परक्यांच्या घरात डोकावून झाल्यावर या मंडळींना आपल्या घराची आठवण होते खरी. चार्ल्स-डायानाच्या लग्नाच्या त्या वर्षी लोकांना पुन्हा लिहिते केले गेले, आणि तेव्हापासून वर्षातून तीनदा प्रश्न जातात, मंडळी लिहितात. शिवाय २०१० पासून दरसाल १२ मे रोजी त्या देशातल्या कोणीही आपल्या दिवसाची रोजनिशी धाडावी, अशी हाक घातली जाते. २०२० च्या मे महिन्यात, महामारीने जग घरात कोंडले असताना, सुमारे पाच हजार रोजनिश्या आल्या.

पण जो लिहीतच नाही त्याचे काय? युद्धकाळातल्या त्या ४८० जणांत कारकून, शिक्षक, गृहिणी, ग्रंथपाल यांचीच गर्दी. ज्या गिरणी-कामगाराच्या पेल्याला घड्याळ लावले, त्याने स्वतः लिहिलेली पाने विरळच. त्याला पाहिले गेले. त्याच्यापेक्षा थोड्या वरच्या पायरीवरच्यांनी स्वतः लिहिले. ही फट नऊ माणसे सबंध वाचूनही बुजत नाही, आणि संग्रहाची तारीफ करणाऱ्या लेखांत तिचा उल्लेख ओझरताच येतो.

हे पुस्तक वाचून झाल्यावर मी सातवीच्या मुलांना एक दिवसाची रोजनिशी लिहायला सांगितली. एक्केचाळीस वह्या आल्या. एक्केचाळीस मुले पहाटे पाचला उठली होती, दात घासून देवाला आणि आईवडिलांना नमस्कार करून अभ्यासाला बसली होती. टाचणवहीचा संसर्ग दुसरे काय! मग मी सांगितले, नाव घालू नका, गुण देणार नाही, शुद्धलेखन तपासणार नाही; कागद दाराशी ठेवलेल्या बिस्किटांच्या डब्यात टाका. या खेपेला सत्तावीसच कागद आले. एकावर तीन ओळी होत्या. आई माहेरून परत आली. घरात कोणी काही बोलले नाही. भात जास्त झाला.

अक्षर मी ओळखले. कोणाचे ते ओळखल्यावर मला फार अपराधी वाटले. तो कागद मी डब्यात तळाशी घातला, आणि त्या मुलाकडे दोन दिवस नीट पाहू शकलो नाही. स्पेंडरच्या कोटाखालच्या कॅमेऱ्याला मी नावे ठेवली ती या प्रसंगाआधी.

आमची आई चौथीपर्यंत शिकलेली. रोजनिशी हा शब्दही तिने उच्चारला नसेल. स्वयंपाकघराच्या दारामागे कॅलेंडर असे. त्याच्या चौकोनांत ती बोटभर पेन्सिलीने लिही. दूध नाही. दूध दीड. गॅस लावला. दळण. वसू आली. वसू गेली. वर्ष संपले की ती पाने आमच्या पुस्तकांना कव्हरे घालायला येत. चित्राची बाजू बाहेर, आईची आत. ती गेली त्याला आता नऊ वर्षे झाली. यंदाच्या आवराआवरीत माझे एक जुने व्याकरणाचे पुस्तक रद्दीच्या ढिगात पडले होते. त्याचे कव्हर सुटले म्हणून मी ते उलटून पाहिले, तर एका नोव्हेंबरचा अर्धा महिना निघाला. दूध, दूध, दूध नाही, दळण. आणि एकोणीस तारखेला नुसती एक फुली. एकवीसला पुन्हा फुली. तेवीसला दूध दोन.

कोणासाठी लिहिले म्हणावे? दूधवाल्याच्या हिशेबाला फुलीची गरज नाही. वसूताईला फोन करून विचारले; तिला काही सांगता येईना, आणि ती उगीचच रडू लागली म्हणून मी विषय बदलला.

व्याकरणाचे पुस्तक रद्दीत गेले. कव्हर मी काढून ठेवले आहे. माळ्यावर अशी आणखी पुस्तके आहेत का पाहतो, म्हणून मी पुन्हा शिडी लावली, तेव्हा खालून प्रश्न आला की हा माळा यंदा आवरायचा आहे की भरायचा.